हिमा : राखीव भूमी आणि ईमानधारकाची मर्यादा

सर्व स्तुती विश्वाचा निर्माता व पालनकर्ता अल्लाहसाठी आहे. त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.), त्यांचे कुटुंबीय आणि त्यांचे सहकारी यांच्यावर अल्लाहची कृपा व शांती असो.



हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी जुमाच्या खुतब्यात ऐकलेली आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. हलाल स्पष्ट आहे, हरामही स्पष्ट आहे आणि या दोहोंच्या दरम्यान काही संशयास्पद बाबी आहेत, असे प्रेषितांनी (स.) तीत समजावले आहे. मग त्यांनी एका मेंढपाळाचे उदाहरण दिले. जो मेंढपाळ राखीव कुरणाच्या अगदी कडेला आपला कळप चारतो, त्याची जनावरे केव्हा आत शिरतील याचा नेम नसतो. प्रत्येक राजाचे एक राखीव कुरण असते आणि अल्लाहचे राखीव कुरण म्हणजे त्याने निषिद्ध ठरविलेल्या गोष्टी होत, असा त्या उदाहरणाचा आशय आहे.

या हदीसच्या आधारे आपण व्यवहारातील सचोटी, खाण्यापिण्यातील पथ्य आणि अंतःकरणाची शुद्धी यांवर पुष्कळ ऐकतो. परंतु ज्या वस्तूची उपमा प्रेषितांनी (स.) निवडली, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. राखीव कुरणासाठी हदीसमध्ये आलेला अरबी शब्द 'हिमा' असा आहे. हिमा म्हणजे ज्या भूमीचे रक्षण केले जाते ती भूमी. अल्लाहच्या मर्यादा लोकांच्या मनात ठसविण्यासाठी प्रेषितांनी (स.) राखीव भूमीचा दृष्टांत दिला, याचा अर्थ त्या भूमीची सीमा ओलांडणे हा अपराध आहे, हे ऐकणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नव्हती. आज आपली स्थिती नेमकी उलट आहे. दृष्टांतातील उपदेश आपल्याला पाठ आहे. पण राखीव भूमीची मर्यादा पाळणे हाही दीनचा भाग आहे, हे मात्र आपल्याला पटवून द्यावे लागते.

बलवानाचे कुरण ते सर्वांचे कुरण

हिमाची प्रथा इस्लामपूर्व अरबस्थानातही होती. पण तिचे स्वरूप निराळे होते. त्या काळी एखादा बलाढ्य सरदार हिरव्यागार जागी मुक्काम करी आणि उंचवट्यावर कुत्रा उभा करून त्याला भुंकायला लावी, असे विद्वानांनी नमूद केले आहे. ते भुंकणे जिथवर ऐकू जाईल, तिथवरची जमीन त्याची होत असे. त्या जमिनीत इतरांचे एकही जनावर चरू शकत नसे. सरदार मात्र इतरांबरोबर बाहेरच्या मोकळ्या कुरणातही आपली जनावरे चारीत असे. राखीव भूमी म्हणजे बलवानाची चैन, असा त्या व्यवस्थेचा अर्थ होता.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही व्यवस्था मोडून काढली. हजरत सअब बिन जस्सामा (रजि.) यांनी कथन केलेल्या आणि बुखारी संग्रहात आलेल्या हदीसनुसार, हिमा केवळ अल्लाह आणि त्याच्या प्रेषितासाठीच असू शकते, असा नियम त्यांनी घालून दिला. म्हणजे कोणी व्यक्ती, कोणी घराणे किंवा कोणी टोळी भूमी राखून ठेवू शकत नाही. ती राखायची तर सर्व समाजाच्या हितासाठी. या नियमानुसार मदीनेच्या दक्षिणेकडील नकीअ येथील कुरण मुसलमानांच्या सामायिक घोड्यांसाठी राखण्यात आले. (जन्नतुल बकीअ या कब्रस्तानाशी या नावाची गल्लत करू नये.) पुढे हजरत उमर (रजि.) यांनी शरफ आणि रबजा येथील कुरणे राखली. याच रबजा येथे हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांनी आपले अखेरचे दिवस व्यतीत केले.

पुढील काळात फिकहच्या विद्वानांनी या व्यवस्थेच्या अटी सांगितल्या. हिमा ठरविण्याचा अधिकार शासनाला आहे, ती सार्वजनिक हितासाठीच असावी आणि तिच्यामुळे लोकांचे जगणे कठीण होईल एवढी मोठी नसावी, असे त्यांचे सार आहे. भूमीचे रक्षण आणि माणसांना न्याय या दोन्ही बाबी आपल्या परंपरेत आरंभापासून एकत्र नांदत आल्या आहेत.

दोन पवित्र नगरांचा आदर्श

हिमापेक्षाही उच्च दर्जा मक्का आणि मदीना येथील हरमचा आहे. हिजरी सन ८ मध्ये मक्का जिंकल्यानंतर प्रेषितांनी (स.) जाहीर केले, की येथील काटेरी झुडूपही तोडले जाऊ नये, येथील शिकार हुसकावली जाऊ नये आणि येथले गवत कापले जाऊ नये. विजयी सैन्य नगरात उभे असताना झाडाझुडपांना आणि मुक्या जिवांना अभय देण्यात आले, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

त्याच प्रसंगी प्रेषितांचे काका हजरत अब्बास (रजि.) यांनी एक विनंती केली. 'इजखिर' नावाचे सुगंधी गवत लोहारांना आणि घरांच्या छपरांना लागते, कबरींसाठीही ते वापरले जाते. तेवढे वगळावे, असे ते म्हणाले. प्रेषितांनी (स.) ती सवलत तत्काळ दिली. सर्वांत पवित्र भूमीच्या नियमातही सामान्य माणसाच्या खऱ्या गरजेला जागा मिळाली. गरज आणि हाव यांतील भेद शरीअत किती नेमकेपणाने ओळखते, हे यावरून दिसते.

मदीनेविषयीही असेच घडले. ऐर आणि सौर या दोन डोंगरांमधील भूमी हरम ठरविण्यात आली. तेथील झाडे तोडण्यास मनाई होती. परंतु उंटाच्या चाऱ्यापुरता पाला घेण्याची मुभा होती. मदीनेत हरणे चरताना दिसली तर आपण त्यांना दचकविणारसुद्धा नाही, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) म्हणत असत. मारणे तर दूरच, त्यांना घाबरवणेही त्यांना मर्यादेचे उल्लंघन वाटत होते.

रक्षकाला दिलेला उपदेश

राखीव भूमीचा कारभार कसा असावा, याचा सर्वांत सुंदर नमुना हजरत उमर (रजि.) यांच्या एका उपदेशात सापडतो. तो बुखारी संग्रहात आहे. हुनै नावाच्या, गुलामीतून मुक्त झालेल्या व्यक्तीला त्यांनी हिमाचा रक्षक नेमले. नेमताना त्याला सांगितले, की लोकांशी नम्रतेने वाग आणि पीडिताच्या शापाला भी, कारण तो अल्लाहच्या दरबारी स्वीकारला जातो. ज्याच्याजवळ मोजकेच उंट आहेत, मोजक्याच शेळ्या-मेंढ्या आहेत, त्याला आत येऊ दे. मात्र अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांपासून सावध राहा.

हे दोघेही प्रेषितांचे अत्यंत निकटचे सहकारी होते, दानशूरही होते. परंतु प्रश्न त्यांच्या सद्‌गुणांचा नव्हता. हजरत उमर (रजि.) यांनी कारण स्पष्ट केले. या श्रीमंतांची जनावरे मेली तर त्यांना खजुराच्या बागा आणि शेती यांचा आधार आहे. गरिबाची चार जनावरे मेली तर तो मुलाबाळांना घेऊन खलीफाच्या दारी येईल, आणि त्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही. तेव्हा सोनेचांदी देण्यापेक्षा त्याला गवत आणि पाणी देणे केव्हाही सोपे. पुढे त्यांनी हेही मान्य केले, की ही भूमी मुळात तेथील लोकांची आहे आणि भूमी राखल्यामुळे आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांना वाटत असेल. अल्लाहच्या मार्गात उपयोगी पडणाऱ्या जनावरांची निकड नसती, तर आपण त्यांची वीतभर जमीनही राखली नसती.

बंधू-भगिनींनो, चौदाशे वर्षांपूर्वीच्या या उपदेशातील प्रत्येक वाक्य आजच्या वनरक्षकाच्या चौकीत लावण्याजोगे आहे. राखीव भूमीचा जाच दुबळ्याला व्हावा आणि तिचा दरवाजा धनवंताला उघडा असावा, हे अज्ञानकाळाचे लक्षण आहे. इस्लामने हा क्रम उलटा केला.

सृष्टीचा आनंद घेणे गैर नाही

मग राखीव रानात पाय ठेवूच नये काय? त्याच्या सौंदर्याचा आनंद घेऊ नये काय? इस्लाम असा रूक्ष धर्म नाही. गुरे सायंकाळी घरी परतताना आणि सकाळी चरावयास जाताना त्या दृश्यात मानवासाठी सौंदर्य आहे, याकडे दिव्य कुरआनने सूरह नहलमध्ये लक्ष वेधले आहे. सूरह काफमध्ये धरतीवर उगवणाऱ्या मनोहर वनस्पतींचा उल्लेख करून, त्यांत अल्लाहकडे वळणाऱ्या दासासाठी बोध आहे, असे म्हटले आहे. सौंदर्य हे अल्लाहचे चिन्ह आहे. ते डोळे भरून पाहणे ही कृतज्ञतेची पहिली पायरी आहे.

स्वतः प्रेषितांचे (स.) आचरण पाहा. ते वस्तीबाहेरच्या माळरानावर, पाण्याच्या ओहळांकडे जात असत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याचे अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. एकदा असेच बाहेर जाण्याचा बेत असताना त्यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्यासाठी एक सांडणी पाठविली. ती अद्याप स्वारीला सरावलेली नव्हती. तेव्हा त्यांनी सांगितले, की तिच्याशी सौम्यतेने वागावे. कारण सौम्यता ज्या गोष्टीत असते तिला ती शोभा आणते आणि जिच्यातून ती काढून घेतली जाते तिला ती कुरूप करते.

सौम्यतेविषयीची ही हदीस आपण कुटुंब आणि समाज यांच्या संदर्भात नेहमी सांगतो. ती माळरानावर निघालेल्या प्रवासाच्या तयारीत, एका मुक्या जनावराच्या निमित्ताने उच्चारली गेली, हे लक्षात घेतले म्हणजे सृष्टीचा आनंद कसा घ्यावा याचा संपूर्ण नियम हाती येतो. रानात जावे, पण सौम्यतेने जावे.

आपल्या दारातील उदाहरण

हा नियम कागदावर राहू नये म्हणून आपल्या कोकणातील एका रानाकडे पाहू. रायगड जिल्ह्यात मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांच्या डोंगरांत फणसाड अभयारण्य आहे. ५० चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेले हे जंगल पूर्वी जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. एका मुस्लिम राजघराण्याने राखलेले हे रान आहे आणि त्याच्या पायथ्याशी अनेक पिढ्यांपासून कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. त्यामुळे त्याविषयीची आपली जबाबदारी इतरांपेक्षा कमी नाही, किंबहुना काकणभर अधिकच आहे.

नवाबांनी राखल्यामुळे हे रान टिकले, हे खरे. तरी ते राज्यकर्त्याच्या शिकारीसाठी होते. आज ते कोणाही एकाच्या करमणुकीसाठी नाही. तेथील जीवसृष्टीसाठी आणि आपणा सर्वांसाठी आहे. या अर्थाने ते प्रेषितांनी (स.) घालून दिलेल्या हिमाच्या कल्पनेजवळ आले आहे. अभयारण्याला हरमचा दर्जा आहे, असे कोणी समजू नये. तो मान अल्लाहने ठरविलेल्या स्थळांनाच आहे. परंतु लोककल्याणासाठी भूमी राखण्याचे जे तत्त्व शरीअतने मान्य केले, त्या तत्त्वाचा आदर येथेही लागू होतो.

या रानात शेकरू राहते. ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. उंच झाडांच्या शेंड्यांकडे ती घरटी बांधते आणि एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत हिंडते. जमिनीवर सहसा उतरत नाही. मधली दोन-चार झाडे तुटली की तिचा रस्ताच खुंटतो. तोडणाऱ्याच्या दृष्टीने ते जळणाचे लाकूड असते. शेकरूच्या दृष्टीने तो पूल असतो. पृथ्वीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे मानवासारखेच समुदाय आहेत, असे सूरह अनआममध्ये सांगितले आहे. एका समुदायाचा पूल तोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

'शिकार तर हलाल आहे'

काही मंडळी येथे एक युक्तिवाद करतात. हरीण, ससा, रानपाखरे ही हलाल आहेत. अल्लाहने जे हलाल केले ते सरकारच्या कायद्याने हराम कसे होईल? हा युक्तिवाद वरवर धार्मिक वाटतो. म्हणूनच त्याचे उत्तर दिव्य कुरआनमधूनच घ्यावे.

सूरह माइदाचा आरंभ पाहा. पहिल्याच आयतीत ईमानधारकांना आपले करार पूर्ण करण्याचा आदेश आहे आणि त्याच आयतीत चतुष्पाद प्राणी हलाल केल्याचे सांगून, एहरामच्या स्थितीत मात्र शिकारीला मनाई केली आहे. म्हणजे प्राणी तोच, हलालही तोच. परंतु काळ आणि स्थान बदलताच हात आवरावा लागतो. वस्तू हलाल असणे वेगळे आणि ती कोठेही, केव्हाही, कशीही घेण्याची मुभा असणे वेगळे. शेजाऱ्याच्या बागेतील आंबा हलाल आहे. म्हणून तो न विचारता तोडणे हलाल होत नाही.

राहिला कायद्याचा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील शिकारीला बंदी केली आहे. या देशाचे नागरिक म्हणून त्याचे कायदे पाळण्याचा करार आपण केलेला आहे. जो कायदा अल्लाहच्या आज्ञेविरुद्ध काही करावयास सांगत नाही, उलट दुबळ्या जिवांचे रक्षण करतो, तो मोडणे म्हणजे ज्या आयतीचा आपण आधार घेऊ पाहतो, तिच्याच पहिल्या आदेशाचा भंग करणे होय.

त्याच सूरहमध्ये पुढे ९४ व्या आयतीत सांगितले आहे, की हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीद्वारे अल्लाह ईमानधारकांची परीक्षा घेईल. न पाहता त्याला भिणारा कोण, हे त्यातून उघड व्हावे. रात्रीच्या रानात वनरक्षक नसतो, कोणी पाहणारे नसते आणि शिकार समोर असते. ईशभय तपासण्याची याहून नेमकी जागा कोणती?

रानात जाताना

पावसाळ्यात आणि ईदच्या सुट्टीत आपली कुटुंबे, आपले तरुण धबधब्यांवर, गडांवर, अभयारण्यांत जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. त्यासाठी प्रेषितांच्या (स.) शिकवणीतील काही बाबी ध्यानात असाव्यात.

पाणवठे, रस्ते आणि सावली या तीन जागी घाण करणे शापाला कारण होते, असा इशारा हदीसमध्ये आहे. रानातील पाणवठा तर उन्हाळ्यात शेकडो जिवांचा एकमेव आधार असतो. तेथे प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, उरलेले अन्न टाकणाऱ्याने आपल्यावर कोणाकोणाचा शाप येतो आहे, याचा विचार करावा. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे. म्हणून आपला कचरा तर परत आणावाच, दुसऱ्याचाही उचलून आणावा.

एका प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषितांनी (स.) हे पाहिले, तिला कोणी दुखावले असे विचारले आणि पिल्ले परत करविली. त्याच प्रवासात मुंग्यांचे जळालेले वारूळ त्यांच्या दृष्टीस पडले. तेव्हा आगीने शिक्षा देण्याचा अधिकार केवळ आगीच्या स्वामीचा आहे, असे त्यांनी बजावले. हा प्रसंगही अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. माघ-फाल्गुनापासून पुढे वाळलेल्या गवतात टाकलेली एक जळती विडी, न विझविलेली एक चूल डोंगर पेटवते. त्या वणव्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी, सरपटणारे जीव आणि झाडांची कोवळी रोपे जळतात. पुढच्या पावसात उघडी पडलेली माती वाहून जाते. एका वारुळाविषयी जे प्रेषित (स.) व्यथित झाले, त्यांच्या अनुयायाने डोंगर पेटता ठेवून घरी यावे काय?

मोठ्या आवाजात गाणी लावणे, प्राण्यांना हुसकावणे, छायाचित्रासाठी त्यांच्या मागे धावणे, हे सर्व हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या वृत्तीच्या विरुद्ध आहे. नमाजची वेळ झाली तर मोकळ्या जमिनीवर नमाज अदा करावी. समस्त धरती आपल्यासाठी सजद्याची जागा केली गेली आहे. ज्या भूमीवर कपाळ टेकवायचे, ती घाण करण्यास कोणत्या ईमानधारकाचा हात धजावेल?

आणि एक महत्त्वाची बाब. या डोंगरांत कातकरी, ठाकर यांसारखे आदिवासी बांधव राहतात. सुकी काटकी, मध, रानभाजी यांवर त्यांचे जगणे अवलंबून असते. पारंपरिक वनवासींचे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केले आहेत. आपण मोटारीतून येऊन चार तास मौज करून परतणारे. ते तेथेच राहणारे. त्यांच्याशी उद्धटपणे वागू नये, त्यांच्या गरजेला चोरी म्हणू नये. हजरत उमर (रजि.) यांच्या उपदेशात आत येऊ देण्याचा मान ज्यांना होता, ते हेच लोक आहेत. सावध राहण्याचा इशारा होता तो आपल्यासारख्या सुखवस्तूंबाबत.

अमानतीचा हिशेब

हे जग गोड आणि हिरवेगार आहे, आणि तुम्ही कसे वागता हे पाहण्यासाठी अल्लाहने तुम्हाला त्यात प्रतिनिधी केले आहे, असा आशय मुस्लिम संग्रहातील एका हदीसमध्ये आला आहे. प्रतिनिधी मालक नसतो. तो उपभोग घेऊ शकतो. पण त्याला हिशेब द्यावा लागतो. पूर्वजांकडून जे रान आपल्याला हिरवे मिळाले, ते मुलाबाळांच्या हाती किती हिरवे सोपविले, हा त्या हिशेबातील एक प्रश्न असेल.

मेंढपाळाच्या त्या हदीसचा शेवट अंतःकरणावर होतो. शरीरात मांसाचा एक गोळा आहे, तो निकोप असेल तर सारे शरीर निकोप, तो बिघडला तर सारे शरीर बिघडते, असे प्रेषितांनी (स.) तेथे समजावले. राखीव रानाचे खरे कुंपण तारेचे नसते. ते याच अंतःकरणात असते. तेथील कुंपण शाबूत असेल, तर पहारा नसतानाही सीमा सुरक्षित राहते.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या देणग्यांचा आनंद मर्यादेत राहून घेण्याची, मुक्या जिवांवर व दुबळ्या माणसांवर दया करण्याची आणि ही अमानत पुढच्या पिढीला सुरक्षित सोपविण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.